अंगणातील ऑलिव्ह : झाड सहज जगते, फळ मात्र थंडीवर अवलंबून

नवी दिल्ली : रुपेरी छटेची अरुंद पाने, वळणदार खोड आणि फारसे पाणी न मागणारा स्वभाव यांमुळे ऑलिव्ह, म्हणजेच जैतून, भारतीय शहरांतील गच्च्या, सज्जे आणि बंगल्यांच्या अंगणांत अलीकडे दिसू लागला आहे. मोठ्या रोपवाटिकांत त्याची रोपे मिळतात आणि घरपोच रोपे देणारे विक्रेतेही ती पुरवितात. रोप घेणाऱ्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो : याला फळे कधी धरतील? या प्रश्नाचे उत्तर खत, माती किंवा कुंडीच्या आकारापेक्षा त्या गावच्या हिवाळ्यावर अधिक अवलंबून आहे. हे आधी समजून घेतले नाही, तर वर्षानुवर्षे निगा राखूनही झाडाला एकही फूल येत नाही आणि दोष अकारण रोपाला किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो.

ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राच्या किनारी प्रदेशातील झाड आहे. मोगरा, जाई आणि पारिजातक ज्या वनस्पतिकुळात मोडतात, त्याच कुळाचा हा सदस्य होय. हजारो वर्षांपासून मनुष्य त्याची लागवड करीत आला असून ग्रीसच्या क्रीट बेटावरील वूव्हेस या गावचे ऑलिव्हचे झाड दोन हजार वर्षांहून अधिक जुने मानले जाते. आजही ते फळते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बोधचिन्हात जगाच्या नकाशाभोवती दिसणाऱ्या दोन फांद्या ऑलिव्हच्याच आहेत. युनेस्कोने 2019 मध्ये 26 नोव्हेंबर हा दिवस जागतिक ऑलिव्ह वृक्ष दिन म्हणून जाहीर केला.

नावाचा घोळ

भारतात ऑलिव्ह या नावाखाली एकाहून अधिक झाडे ओळखली जातात आणि खरेदी करताना येथेच पहिली चूक होते. बंगाल व आसाममधील जलपाईला इंग्रजीत सर्रास भारतीय ऑलिव्ह म्हटले जाते. पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी या जिल्ह्याचे नाव याच फळावरून पडले, असे मानले जाते. केरळमध्येही याच प्रकारच्या झाडाची आंबट फळे मिठात मुरवून खाल्ली जातात. फळ हिरवे, लांबट आणि लोणच्याला उत्तम असले, तरी जलपाईचा खऱ्या ऑलिव्हशी काहीही संबंध नाही. ती वेगळ्या कुळातील, उष्ण व दमट हवेत वाढणारी झाडे आहेत.

दुसरे झाड हिमालयाच्या पायथ्याचे. जम्मू, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या कमी उंचीच्या डोंगरउतारांवर ‘काहू’ नावाने ओळखला जाणारा रानटी ऑलिव्ह आढळतो. तो खऱ्या ऑलिव्हचा सख्खा भाऊबंद असला, तरी त्याची फळे लहान असून त्यांत गर नाममात्र असतो. या झाडाचा उपयोग प्रामुख्याने चिवट लाकूड, जनावरांचा चारा आणि कलमांसाठी खुंट म्हणून होतो. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतही याच प्रजातीतील एक झाड आहे. महाबळेश्वर, माथेरानसारख्या घाटमाथ्यावरील जंगलांत वाढणारे पारजांभूळ हे ऑलिव्हचे नातेवाईक होय. त्यापासून मात्र खाण्याजोगे तेल मिळत नाही.

खरे रोप ओळखण्याची खूण पानांत असते. ऑलिव्हची पाने फांदीवर समोरासमोर, जोडीने येतात. कडा सरळ असतात, वरची बाजू गर्द हिरवी आणि खालची बाजू रुपेरी असते. काहूच्या पानाची खालची बाजू रुपेरी न दिसता तांबूस-पिवळसर दिसते. जलपाईची पाने मोठी, कडांना दाते असलेली आणि फांदीवर एकाआड एक येणारी असतात. गळण्यापूर्वी ती लाल होतात. पैसे मोजण्यापूर्वी पान उलटून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

थंडीचे गणित

महाराष्ट्रातील बागायतदारांना थंडी आणि मोहोर यांचे नाते नवे नाही. हिवाळा लांबला किंवा ऊबदार गेला की आंब्याचा मोहोर पुढे जातो, हे कोकणात सर्वांना ठाऊक असते. ऑलिव्हची थंडीची गरज आंब्याहून पुष्कळ मोठी आहे. उन्हाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर पानांच्या बगलेत सूक्ष्म कळ्या तयार होतात आणि हिवाळ्यात त्या सुप्त राहतात. काही आठवडे रात्री पुरेशा थंड आणि दिवस सौम्य राहिले, तरच या कळ्यांची झोप मोडते आणि वसंतात त्यांतून फुलांचे तुरे निघतात. ढोबळमानाने रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या बरेच खाली आणि दिवसाचे 20 अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी असलेला काळ ऑलिव्हला मानवतो. दुपारी पारा 28–30 अंशांवर गेला, तर रात्रीच्या थंडीचा परिणाम बराचसा पुसला जातो.

या मोजपट्टीवर देशातील शहरे पाहिली की चित्र स्पष्ट होते. दिल्लीत जानेवारीचे सरासरी किमान तापमान सुमारे 7 अंश आणि कमाल सुमारे 20 अंश असते. हा हिवाळा ऑलिव्हला पुरेसा ठरू शकतो. पुण्यात याच महिन्यात पहाटे 11–12 अंशांची थंडी असली, तरी दुपारी पारा 30 अंशांच्या आसपास जातो. तेथे एखाद्या कडक हिवाळ्यानंतर तुरळक फुले दिसणे शक्य आहे, पण त्याचा भरवसा धरता येत नाही. बेंगळुरूत किमान तापमान 16, मुंबईत 17 आणि चेन्नईत 21 अंशांच्या आसपास राहते. या तिन्ही शहरांत झाड हिरवेगार वाढेल, पण फळाची आशा ठेवू नये. वातानुकूलित खोलीत कुंडी ठेवूनही हेतू साध्य होत नाही. तेथील गारवा 22–24 अंशांचा असतो आणि झाडाला आवश्यक असलेला सूर्यप्रकाश मात्र हिरावला जातो.

याउलट अतिथंडीही घातक असते. पारा शून्याच्या खाली 5 ते 7 अंशांवर गेला की कोवळे शेंडे जळतात आणि शून्याखाली 10–12 अंशांत मोठ्या फांद्याही मरू शकतात. त्यामुळे हिमालयाच्या उंच भागात ऑलिव्ह तग धरत नाही. भारतात त्याला सोयीची जागा म्हणजे हिमाचल, उत्तराखंड व जम्मूतील कमी व मध्यम उंचीच्या दऱ्या, पंजाब-हरियाणाचा काही भाग आणि राजस्थानचा उत्तर-पश्चिम पट्टा.

राजस्थानचा प्रयोग काय सांगतो?

घरच्या कुंडीसाठीही उपयोगी पडावा असा धडा राजस्थानच्या वाळवंटात मिळतो. तेथील सरकारने 2007 मध्ये इस्रायलच्या तांत्रिक साहाय्याने ऑलिव्ह लागवडीचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी स्थापन झालेल्या ‘राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड’ या कंपनीत राज्याचे कृषी पणन मंडळ आणि इस्रायलची कंपनी यांच्यासह पुण्याची फिनोलेक्स प्लासन ही ठिबक सिंचन क्षेत्रातील कंपनीही भागीदार होती. इस्रायलमधून आणलेली एक लाखाहून अधिक रोपे 2008 पासून सरकारी शेतांवरील 182 हेक्टर क्षेत्रात लावण्यात आली. बार्निया, आर्बेक्विना, कोराटिना, पिकुआल, फ्रांतोयो, कोरोनेकी अशा अनेक वाणांची एकाच वेळी चाचणी घेण्यात आली. बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे 2014 मध्ये तेल गाळप व शुद्धीकरणाचा कारखानाही सुरू झाला.

वाळवंट म्हणजे उष्णता, असा सर्वसाधारण समज असला, तरी बिकानेर, श्रीगंगानगरकडील हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच थंड असतात आणि हवा कोरडी असते. ऑलिव्हला नेमके हेच हवे असते. मात्र सर्व ठिकाणी आणि सर्व वाणांना सारखे फळ आले नाही. एकाच राज्यात, एकाच पद्धतीने वाढविलेल्या झाडांत हा फरक पडला, यावरून स्थानिक हवामान आणि वाणाची निवड यांचे महत्त्व लक्षात येते. फुलोऱ्याच्या वेळी अचानक वाढणारी उष्णता आणि कोरडे वारे फुले सुकवून टाकतात, ही अडचण उत्तर भारतातील घरगुती बागेतही येऊ शकते.

रोप निवडताना

घरगुती लागवडीसाठी वाणाचे नाव ठाऊक असलेले, छाट कलमापासून तयार केलेले रोपच घ्यावे. बियांपासून उगवलेल्या झाडात मूळ वाणाचे गुण उतरतील याची खात्री नसते आणि फळ येण्यास दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. कलमाच्या रोपाला अनुकूल हवेत साधारण तीन ते पाच वर्षांत फुले येऊ लागतात. कुंडीसाठी स्पेनचा आर्बेक्विना हा वाण सर्वांत सोयीचा समजला जातो. त्याचा विस्तार आटोपशीर राहतो, तो लवकर फळतो आणि इतर अनेक वाणांच्या तुलनेत त्याची थंडीची गरज कमी आहे. ग्रीसचा कोरोनेकी हा लहान फळांचा वाणही तुलनेने उष्ण हवा सोसतो.

ऑलिव्हचे परागीभवन वाऱ्याने होते, मधमाशीवर ते अवलंबून नसते. आर्बेक्विनासारखे काही वाण स्वतःच्या परागांवर फळतात, तर अनेक वाणांना दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. त्यामुळे जागा असेल तर दोन वेगवेगळ्या वाणांची झाडे जवळजवळ लावणे श्रेयस्कर. फुले असंख्य येत असली, तरी त्यांतील शंभरात एखाद-दुसऱ्या फुलाचेच फळ होते. फुलांचा सडा पडला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. या परागांची काहींना ॲलर्जी होते, हे मात्र घरात दम्याचा त्रास असलेल्यांनी लक्षात ठेवावे.

जागा, कुंडी आणि माती

ऑलिव्हला दररोज किमान सहा ते आठ तास थेट ऊन हवे. दक्षिणाभिमुख किंवा पश्चिमाभिमुख गच्ची, तसेच इमारतीची सावली न पडणारे अंगण योग्य. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेले झाड काही महिन्यांत विरळ होते आणि पाने गाळते.

आरंभी 12 इंची कुंडी पुरते. दर दोन-तीन वर्षांनी एक मापाने मोठी कुंडी देत अखेरीस 18 ते 20 इंचांपर्यंत जावे. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावल्यास मुळे न पोहोचलेल्या मातीत पाणी साचून राहते. मातीची कुंडी सच्छिद्र असल्याने प्लॅस्टिकपेक्षा बरी, मात्र तिच्या तळाला मोठी छिद्रे असावीत आणि ती विटांवर किंवा पायांवर उचलून ठेवावी. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवू नये.

मातीचा निचरा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत हे मिश्रण चालते. ऑलिव्ह चुनखडीयुक्त आणि किंचित क्षारयुक्त जमीन सोसतो. त्यामुळे कूपनलिकेच्या जड पाण्याने इतर झाडांची पाने करपतात तेथेही तो टिकू शकतो. महाराष्ट्रातील काळी, पाणी धरून ठेवणारी माती मात्र त्याला मानवत नाही. अशा जमिनीत लावायचे असल्यास दीड ते दोन फूट उंचीचा वरंबा करून, त्यात वाळू व खत मिसळून रोप लावावे. ज्या वाफ्यात पूर्वी वांगी, टोमॅटो, बटाटा किंवा कापूस होता, तेथे ऑलिव्ह लावणे टाळावे. या पिकांवर येणारी मर रोगाची बुरशी जमिनीत दीर्घकाळ टिकते आणि ऑलिव्हलाही ग्रासते.

खरी परीक्षा पावसाळ्याची

भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. भारतात नेमके उलट घडते. उष्णता आणि ओल एकत्र येण्याची सवय या झाडाला नाही. त्यामुळे येथील बहुतेक झाडे उन्हाने मरत नाहीत, ती पावसाळ्यात मुळे कुजून मरतात. पाने पिवळी पडून गळू लागली की पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि उरलीसुरली मुळेही जातात.

कुंडीतील झाडाचा मोठा फायदा येथे दिसतो. जून ते सप्टेंबर या काळात कुंडी पारदर्शक पत्र्याखाली किंवा पाऊस थेट लागणार नाही अशा उजेडाच्या जागी हलविता येते. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर ही खबरदारी अनिवार्य समजावी. इतर ऋतूंत बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागली, तरच तळातून पाणी निघेपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा सुकू द्यावे. रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवय घातक आहे. ऑलिव्ह दुष्काळात तगतो हे खरे असले, तरी ते जमिनीत खोल मुळे गेलेल्या मोठ्या झाडाबाबत. कुंडीतील झाडाला एप्रिल-मेच्या उन्हात नियमित पाणी लागतेच. फुलोरा आणि फळधारणेच्या काळात माती पूर्ण कोरडी पडू देऊ नये.

ओलसर हवेत पानांवर काळपट, गोल, कडेला पिवळसर वलय असलेले ठिपके दिसू लागतात. मोराच्या पिसावरील डोळ्यासारखे दिसणारे हे ठिपके बुरशीजन्य रोगाचे लक्षण होत. अशी पाने गोळा करून नष्ट करावीत, फांद्यांत हवा खेळती ठेवावी आणि पावसाळ्याच्या तोंडावर ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी वेष्टनावरील प्रमाणातच करावी. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण या किडी चिकट द्रव सोडतात व त्यावर काळी काजळी चढते. थोडा प्रादुर्भाव ओल्या फडक्याने पुसून काढता येतो, वाढल्यास निंबोळी तेलाची फवारणी उपयोगी पडते.

खत आणि छाटणी

ऑलिव्ह खादाड नाही. थंडी सरताना एकदा आणि पावसाळा ओसरल्यावर एकदा दोन-तीन मुठी कुजलेले खत व थोडी निंबोळी पेंड पुरते. नत्र अधिक झाल्यास पाने माजतात आणि कीड वाढते. बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता या झाडात नेहमी आढळते. तिच्यामुळे शेंडे सुकतात व फळे गळतात, परंतु बोरॉन अधिक झाल्यास तेही विषारी ठरते. म्हणून मातीची तपासणी किंवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्याखेरीज ते देऊ नये.

छाटणी करताना एक नियम पक्का ध्यानात ठेवावा : फुले केवळ मागील वर्षी वाढलेल्या फांद्यांवरच येतात. दरवर्षी सर्व शेंडे छाटून झाडाला चेंडूसारखा गोल आकार दिला, तर पुढील वर्षाची फुलेच कापली जातात. थंडी संपताना वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या तसेच बुंध्याजवळचे फुटवे काढावेत. मधला भाग मोकळा, पेल्यासारखा ठेवावा. पावसाळ्यात छाटणी करू नये, कारण ओल्या जखमांतून रोग शिरतो. आंब्याप्रमाणेच ऑलिव्हही एक वर्षाआड भरघोस फळतो, त्यामुळे एखाद्या वर्षी फळे कमी आली तर ती निसर्गाची चाल समजावी.

फळ आले, पुढे काय?

झाडावरून तोडलेले ऑलिव्ह थेट खाता येत नाही. ओल्युरोपिन या घटकामुळे ते अत्यंत कडू असते. हिरवे आणि काळे ऑलिव्ह ही वेगळी झाडे नसून एकाच फळाच्या कच्च्या व पक्व अवस्था आहेत. घरी मुरवण्याची सोपी रीत आपल्याकडील लोणच्याला जवळची आहे. हिरव्या फळांना चिरा द्याव्यात किंवा ती हलकेच ठेचावीत, साध्या पाण्यात बुडवून ठेवावीत आणि पाणी रोज बदलावे. आठवडा ते दहा दिवसांत, काही वेळा त्याहून अधिक काळाने कडवटपणा उतरतो. नंतर एक लिटर पाण्यास सुमारे 100 ग्रॅम मीठ या प्रमाणातील मीठपाण्यात, फळे पूर्ण बुडतील अशा रीतीने, काचेच्या बरणीत ती मुरू द्यावीत. कारखान्यांत कडूपणा काढण्यासाठी वापरला जाणारा कॉस्टिक सोडा घरी हाताळणे धोक्याचे आहे.

घरच्या झाडापासून तेल काढण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी. एक लिटर तेलासाठी सर्वसाधारणपणे पाच किलो किंवा त्याहून अधिक फळे लागतात आणि ती तोडल्यानंतर लवकरात लवकर यंत्रात दळावी लागतात. कुंडीतील झाड चांगल्या वर्षी बरणीभर फळे देईल, तेवढेच समाधान मानावे.

परदेशातून फांदी आणू नये

स्पेन, इटली, ग्रीसला जाऊन आलेल्या प्रवाशांना तेथील एखादी फांदी किंवा छोटे रोप सामानात घालून आणण्याचा मोह होतो. भारतात वनस्पती आणण्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. वनस्पती विलगीकरणाबाबतच्या 2003 च्या आदेशात तशी तरतूद आहे. हा नियम केवळ कागदोपत्री नाही. दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात 2013 मध्ये झायलेला नावाच्या जीवाणूचा प्रादुर्भाव आढळला. झाडातील पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करणाऱ्या या रोगाने तेथील लाखो ऑलिव्ह झाडे वाळली, त्यांत शतकानुशतके जुनी झाडेही होती. हा जीवाणू ऑलिव्हपुरता मर्यादित नाही, तो द्राक्ष, बदाम, लिंबूवर्गीय फळे अशा अनेक पिकांनाही ग्रासतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा आणि नागपूरची संत्री ज्या देशात आहेत, तेथे खिशातून आलेल्या एका फांदीची किंमत फार मोठी ठरू शकते.

निर्णय कसा घ्यावा?

दिल्ली, चंडीगड, डेहराडून, जम्मू, बिकानेर यांसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी आर्बेक्विना किंवा कोरोनेकीचे कलम लावून फळाची अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, पणजी, हैदराबाद, बेंगळुरू येथील हौशी बागप्रेमींनी ऑलिव्ह हे शोभेचे, दीर्घायुषी झाड म्हणून लावावे. बोन्सायसाठीही ते उत्तम आहे. ‘वर्षभरात हमखास फळे’ अशी पाटी लावून त्याच शहरांत महागडी रोपे विकली जात असतील, तर तो दावा हवामानाच्या कसोटीवर टिकत नाही. फळे आधीच लगडलेले मोठे झाड विकत घेतले, तरी पुढील वर्षी ते फळेल की नाही, हे येथील हिवाळाच ठरवितो. ज्यांना घरच्या झाडाची आंबट-खारट फळे बरणीत हवीच आहेत, त्यांच्यासाठी आवळा आणि करवंद ही येथील हवेत रुजलेली, अत्यल्प निगेत फळणारी झाडे उपलब्ध आहेतच.